पुडी आधी, डबा नंतर: घरच्या वर्कशॉपमधले इलेक्ट्रॉनिक पार्ट कसे लावावेत

घरी इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे बहुतेक जण आवराआवरीची सुरुवात खरेदीने करतात. छोट्या पारदर्शक ड्रॉवरचं एक कपाट येतं. पहिल्या रविवारी सगळे रेझिस्टर त्यात लागतात, कारण ते संख्येने जास्त आणि दिसायला रंगीत. मग एलईडी. मग संध्याकाळ होते आणि उरलेलं निम्म्याहून जास्त सामान 'नंतर बघू' म्हणत खालच्या मोठ्या खणात जातं.

हा क्रम नेमका उलटा आहे. रेझिस्टर ढिगात वर्षभर पडला तरी त्याच्या अंगावरचे पट्टे कुठे जात नाहीत, आणि पुसट झालेच तर मल्टिमीटर लगेच सांगतो. टेपमधून सुटलेला एसएमडी (लांब पाय नसलेला, बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारा) सिरॅमिक कपॅसिटर मात्र नुसता तपकिरी ठिपका असतो. त्यावर एक अक्षरही छापलेलं नसतं. त्याची सगळी माहिती पाकिटावर होती आणि पाकीट कचऱ्यात गेलं. म्हणून पार्ट लावताना प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हा पुडीतून बाहेर पडला तर कोण आहे हे पुन्हा कळेल का? कळणं जितकं अवघड, तितका त्याचा नंबर आधी आणि त्याची शिस्त कडक. कपाट देखणं दिसणं हा वरचा फायदा.

पायरी १: ढीग आणि तीन वाटे

काहीही विकत आणण्याआधी घरातलं सगळं सामान एका जागी आणा. त्यातून सुटे आयसी (चिप) आणि मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आधी बाजूला काढा. ते कापडावर घासणं बरं नव्हे, स्थिर विजेने बिघडू शकतात (पायरी ५). मग पांढरी सुती चादर अंथरा, पंखा बंद करा आणि बाकीचं ओता. पांढऱ्यावर काचेचे डायोड दिसतात, सतरंजीवर दिसत नाहीत.

आता तीन वाटे पाडा. या टप्प्यावर व्हॅल्यू वाचत बसू नका, फक्त जात पाहा.

पहिल्या वाट्यात ओळख पुसली जाणारे: एसएमडी कपॅसिटर, झीनर डायोड (उलटा जोडला की ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा), पारदर्शक भिंगाचे एलईडी, एनटीसी थर्मिस्टर (तापमानाने रोध बदलणारा) आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा), थर्मल फ्यूज, आणि रेझिस्टरसारखे दिसणारे छोटे इंडक्टर. दुसऱ्यात मीटर लावला की बोलणारे: रेझिस्टर, डिस्क आणि फिल्म कपॅसिटर, छोटे ट्रान्झिस्टर, साधे डायोड. तिसऱ्यात अंगावर नाव घेऊन फिरणारे: आयसी, रेग्युलेटर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, क्रिस्टल, रिले.

चौथा ढीग टाकायचा. जुन्या टीव्हीच्या बोर्डवरून काढलेले, डोकं फुगलेले इलेक्ट्रोलिटिक, पाय तुटत आलेले आयसी, गंजलेली बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), कशाचे तरी अर्धे कनेक्टर. जुन्या बोर्डवरून पार्ट काढून ठेवणं चांगलंच, पण त्यातलं ठेवावं काय? हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर, रिले, मोठे मॉसफेट, स्विच, चांगले कनेक्टर. एका रेझिस्टरसाठी सोल्डरिंग आयर्न तापवणं परवडत नाही. टाकायचं ते ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्याच्या बादलीत नको.

पायरी २: पहिला वाटा, जिथे आळस महागात पडतो

सुटे एसएमडी कपॅसिटर सापडले तर मोह होतो की एलसीआर मीटरने मोजून डबीत टाकू. मीटर कपॅसिटन्स सांगेल, पण तो पार्ट ६.३ व्होल्टचा की ५० व्होल्टचा, हे सांगणार नाही. आतलं द्रव्य कोणतं, तेही नाही. सी०जी जातीचा कपॅसिटर तापमान बदललं तरी जवळपास तिथेच राहतो. वाय५व्ही जातीची मर्यादाच अशी आहे की उणे ३० ते अधिक ८५ अंश सेल्सियस या टप्प्यात त्याची क्षमता ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते. दोन्ही दिसायला तपकिरीच. म्हणून टेपबाहेर आलेला, मूळ पत्ता नसलेला सिरॅमिक एसएमडी सरळ टाकून द्यावा. दोन रुपयांच्या पार्टसाठी पुढे दोन रात्री बोर्ड तपासत बसण्यात शहाणपण नाही.

जे अजून टेपमध्ये आहेत ते टेपमध्येच ठेवा. ०८०५ आणि ०६०३ मापाच्या पार्टची कागदी किंवा प्लास्टिकची टेप ८ मिलिमीटर रुंद असते आणि त्यातले कप्पे ४ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे १०० मिलिमीटर टेपमध्ये २५ नग. मोजायचं कामच नाही, पट्टी लावली की साठा कळतो. अशा पट्ट्या ठेवायला व्हिजिटिंग कार्डची फाइल उत्तम: एका खिशात एक व्हॅल्यू, खिशातच व्होल्टेज आणि जात लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी बाहेर चिकटवू नका, सुटते. रिकामे खण असलेली तयार पुस्तकंही मिळतात, पण फाइलने काम तेवढंच होतं. एसएमडी रेझिस्टरवर निदान आकडे असतात (१०३ म्हणजे १० के), म्हणून ते थोडे मोकळे सोडले तरी चालतं. ०४०२ मापात मात्र तेही नसतात.

झीनरची गंमत वेगळी. अर्ध्या वॉटचा ५.१ व्होल्टचा झीनर आणि साधा १एन४१४८ हे दोन्ही नारिंगी काचेचे, काळ्या पट्ट्याचे. भिंगाखाली नंबर दिसतो, पण तो कधी अर्धा पुसलेला असतो. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर दोघेही साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवतात. फरक करायचा तर १० के रेझिस्टर मालिकेत घालून, २४ ते ३० व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर उलटा जोडा आणि डायोडच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा. झीनर आपली व्हॅल्यू दाखवेल, १एन४१४८ जवळजवळ सगळा पुरवठा दाखवेल. ज्यांची खात्री पटली ते व्होल्टेजप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत.

पारदर्शक भिंगाचा एलईडी पेटवल्याशिवाय रंग सांगत नाही. ढिगातला प्रत्येक पेटवून पाहा आणि रंगाप्रमाणे पुड्या करा. लाल, हिरवा, निळा, पांढरा, आणि इन्फ्रारेड, जो डोळ्यांना दिसणारच नाही पण बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. रेझिस्टरसारखे दिसणारे इंडक्टर बहुधा हिरवट अंगाचे आणि मधे जरा फुगीर असतात. रंगपट्टे सारखेच, पण एकक मायक्रोहेन्री. शंका आली की ओहमवर मोजा. पट्टे १० के म्हणतात आणि मीटर शेकड्याच्या आत काही दाखवतो, तर तो रेझिस्टर नव्हे.

निळ्या, पिवळ्या किंवा काळ्या चकतीसारख्या पार्टबाबत सावध राहा. सिरॅमिक डिस्क कपॅसिटर, व्हॅरिस्टर आणि एनटीसी थर्मिस्टर ही तीन भावंडं वाटतात, पण कामं पूर्ण वेगळी. मेन्सच्या सर्किटमधून काढलेले एक्स आणि वाय वर्गाचे सुरक्षा कपॅसिटर तर स्वतंत्र पुडीत, लाल पेनाने '२३० व्होल्ट मेन्स' लिहूनच ठेवा. त्यांच्या जागी साधा फिल्म कपॅसिटर बसवणं धोक्याचं आहे, आणि घाईत अशी अदलाबदल डबा एक असल्यामुळेच होते.

पायरी ३: रेझिस्टर, आता निवांतपणे

रेझिस्टर कसे लावावेत यावर हौशी लोक तासन् तास वाद घालतात. ई१२ या प्रमाणित मालिकेत प्रत्येक दशकात (१० ते १००, १०० ते १००० अशा दहापटीच्या टप्प्यात) १२ व्हॅल्यू असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. १० ओहमपासून १ मेगओहमपर्यंत जायचं तर एकूण ६१ पुड्या. ई६ मालिका घेतली, म्हणजे १०, १५, २२, ३३, ४७, ६८ एवढ्याच, तर ३१. माझं मत स्पष्ट आहे: घरी ई६ पुरते. एखादी व्हॅल्यू अडलीच तर दोन रेझिस्टर एकापुढे एक किंवा समांतर जोडता येतात. ६१ ड्रॉवर लावले तर त्यातले पंचेचाळीस वर्षभर उघडत नाहीत.

क्रम दशकाप्रमाणे ठेवा: १० ते ८२, १०० ते ८२०, १ के ते ८.२ के, असा. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये तिसऱ्या पट्ट्याचा रंग हेच दशक सांगतो. काळा म्हणजे दहाच्या घरात, तपकिरी शेकड्यात, लाल हजारात, नारिंगी दहा हजारांत, पिवळा लाखात. त्या खणावर त्याच रंगाची चिकटपट्टी लावली तर परत ठेवताना व्हॅल्यू वाचायचीही गरज नाही. तिसरा पट्टा पाहायचा आणि त्या खणात टाकायचा.

पण एक टक्का टॉलरन्सचे निळसर अंगाचे मेटल फिल्म रेझिस्टर पाच पट्ट्यांचे असतात आणि तिथे हे गणित एका घराने सरकतं. दहा के चार पट्ट्यांत तपकिरी-काळा-नारिंगी असतो, पाच पट्ट्यांत तपकिरी-काळा-काळा-लाल. रंगाच्या भरवशावर दोन्ही एकाच कपाटात मिसळले तर दहापट चुकीचा रेझिस्टर हातात येतो. हल्ली एक टक्कावाले स्वस्त झालेत, म्हणून नवा साठा करताना एकच जात घ्या आणि जुने पाच टक्केवाले एका वेगळ्या डब्यात संपवत आणा.

दोन्ही बाजूंनी कागदी पट्टीला चिकटलेले रेझिस्टर येतात, ते तसेच ठेवा. लागेल तेव्हा पाय कापून घ्या. पट्टीवरून ओढून काढला तर पायाला डिंक राहतो आणि तो ब्रेडबोर्डच्या भोकात जाऊन बसतो.

पायरी ४: कंडेन्सर

कपॅसिटरला बाजारात अजूनही सगळे कंडेन्सरच म्हणतात, तर तसंच म्हणू. सिरॅमिक आणि फिल्मवरचा तीन आकडी कोड पिकोफॅरडमध्ये असतो: १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, म्हणजे १०० नॅनोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. तीन नावांचा हा एकच पार्ट तीन वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये सापडतो, हे अनेक घरांत घडतं. पुडीवर एकच एकक लिहायचं असं ठरवा. मी सिरॅमिकसाठी नॅनोफॅरड आणि इलेक्ट्रोलिटिकसाठी मायक्रोफॅरड वापरतो आणि कोड शेजारी लिहितो: '१०० नॅनो / १०४'. फिल्म कंडेन्सरवर पुष्कळदा कोडच्या आधी व्होल्टेजही असतं. १एच म्हणजे ५० व्होल्ट, २ए म्हणजे १००, २जी ४००, २जे ६३०. हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

इलेक्ट्रोलिटिकवर सगळं छापलेलं असतं, तरी त्यांना एक वेगळा रोग आहे: वय. आतला ऑक्साइडचा थर वापराविना कमजोर होतो आणि गळती प्रवाह वाढतो. उत्पादक साधारण ३५ अंशांखाली ठेवायला सांगतात. आपल्याकडे स्लॅबखालचा माळा मे महिन्यात त्याहून बराच वर जातो. म्हणून इलेक्ट्रोलिटिक माळ्यावर नकोत, आणि पुडीवर खरेदीचं वर्ष हवंच. चार-पाच वर्षं पडलेला कमी व्होल्टेजचा कंडेन्सर वापरायचा असेल तर १ के रेझिस्टरमधून त्याच्या लिहिलेल्या व्होल्टेजपर्यंत हळूहळू नेऊन काही तास ठेवा. थर पुन्हा तयार होतो. मेन्सच्या पॉवर सप्लायमधल्या ४०० व्होल्टवाल्यांवर हा प्रयोग घरी करू नका, नवा आणा. जुन्या बोर्डवरून काढलेला असा मोठा कंडेन्सर डिस्चार्ज झालाय याची मीटरने खात्री केल्याशिवाय डब्यात जाता कामा नये.

पायरी ५: आयसी, मॉसफेट आणि थर्माकोलचा तुकडा

थर्माकोलमध्ये आयसी खोचून ठेवायची सवय रिपेअरिंगच्या दुकानांपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळीकडे आहे. पाय सरळ राहतात, म्हणून लोकांना ती बरी वाटते. पण थर्माकोल हा घासला की स्थिर वीज तयार करणारा पदार्थ आहे. आयआरएफझेड४४एनसारख्या मॉसफेटच्या गेटची (नियंत्रणाच्या पायाची) मर्यादा ±२० व्होल्ट असते. माणसाच्या बोटाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तोच मुळात काही हजार व्होल्टला, त्यामुळे गेट मेला तरी आपल्याला काही कळलेलं नसतं. शिवाय पार्ट दर वेळी तिथल्या तिथे मरतो असं नाही. अर्धमेला होऊन आणखी काही महिने चालतो आणि मग दगा देतो.

आयसीसाठी काळा कंडक्टिव्ह फोम घ्या, तो सगळे पाय एकमेकांशी जोडून ठेवतो. काही वर्षांनी हा फोम चिकट होतो किंवा भुगा होऊन पायांना खातो, तेव्हा तो बदला. फोम नसेल तर थर्माकोलवर ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवा आणि पाय फॉइलमधून खोचा. ज्या बोर्डवर बटण सेल किंवा बॅटरी आहे, तो मात्र फॉइलमध्ये कधीच गुंडाळायचा नाही.

पिशव्यांचे दोन प्रकार लोक एकच समजतात. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, एवढंच. बाहेरून आलेल्या विजेपासून ती वाचवत नाही. चंदेरी पिशवी वाचवते, पण तोंड बंद असेल तरच. मायक्रोकंट्रोलर, मॉसफेट, सेन्सर मॉड्यूल, निळे आणि पांढरे एलईडी चंदेरी पिशवीत. बाकी आयसी गुलाबीत चालतील. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा तयारच घ्या, त्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो आणि तोच तुमचा जीव वाचवतो. घरी साधी वायर मनगटाला बांधून अर्थला जोडू नका. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंग असतंच असं नाही, तेही आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

हवा कोरडी असली की हा त्रास वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा आणि पुण्याची थंडी यासाठी वाईट. कोकणातल्या जुलैत स्थिर वीज जवळपास नसते, तिथली दुखणी निराळी.

आणखी एक छोटी पण फार कामाची सवय: ट्रान्झिस्टर आणि रेग्युलेटरच्या पुडीवर पायांचा क्रम काढून ठेवा. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि २एन३९०४ चे बरोबर उलटे. ७८०५ चा क्रम इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९०५ चा ग्राउंड-इनपुट-आउटपुट, एलएम३१७ चा ॲडजस्ट-आउटपुट-इनपुट. तिन्ही दिसायला जुळे. तीन छोट्या रेघा आणि तीन अक्षरं पुडीवर काढली की दर वेळी डेटाशीट उघडावी लागत नाही.

पायरी ६: आता डबे

इथवर आल्यावर तुमच्याकडे झिप पाऊचमध्ये भरलेल्या पुड्या असतील, आणि किती जागा लागणार याचा खरा अंदाजही. आता खरेदी करा.

कमी खर्चाचा आणि माझ्या मते सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे बुटांच्या खोक्यात उभ्या रचलेल्या पुड्या, मधे पुठ्ठ्याचे दुभाजक, लायब्ररीच्या कार्डांसारख्या. नवी व्हॅल्यू आली की पुडी मधे सरकवायची. ड्रॉवरच्या कपाटात हे जमत नाही. तिथे एक नवी व्हॅल्यू घुसवायला पुढचे सगळे ड्रॉवर हलवावे लागतात. कपाट घ्यायचंच तर रोजच्या पंधरा-वीस गोष्टींसाठी घ्या, आणि ते भिंतीला स्क्रूने बांधा. वरचे भरलेले ड्रॉवर एकदम ओढले की अख्खं कपाट पुढे येतं.

मणी-मोत्यांच्या दुकानात मिळणारे खणांचे पारदर्शक डबे स्वस्त असतात, पण घेण्याआधी एक चाचणी घ्या. एका खणात थोडे १एन४१४८ टाका, झाकण लावा, डबा उभा करून हलवा. झाकण आणि खणाची भिंत यात फट असेल तर ते शेजारच्या खणांत पसरतील. असा डबा स्क्रू-नटांसाठी ठेवा.

स्क्रू, स्पेसर, बर्ग स्ट्रिप, जेएसटी कनेक्टर यांचं फार कौतुक नको. एकच काळजी घ्या: पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, लिहा. २.०, २.५ आणि २.५४ मिलिमीटरचे कनेक्टर डोळ्यांना सारखेच दिसतात आणि बसवताना रडवतात.

पायरी ७: लेबल

दशांश चिन्ह हा लेबलचा शत्रू. '४.७ के' मधला टिंब दोन वर्षांत पुसतो आणि '४७ के' उरतो. सर्किटच्या नकाशांवर वापरतात ती पद्धत घ्या, टिंबाच्या जागी एककाचं अक्षर: ४के७, २आर२, ३व्ही३. पर्मनंट मार्कर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ होतो, आणि वर्कशॉपमध्ये आयपीए सांडतोच. थर्मल प्रिंटरचं लेबल उन्हात फिकटतं आणि उष्णतेने काळवंडतं. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते. बॉलपेनने कागदाच्या तुकड्यावर लिहून तो पुडीच्या आत, अक्षरं बाहेर दिसतील असा घालणं हा साधा उपाय यांतल्या सगळ्यांना पुरून उरतो. त्यावर चार गोष्टी हव्यात: व्हॅल्यू, व्होल्टेज किंवा वॉट, महिना-वर्ष, आणि पार्ट नंबर असेल तर तो पूर्ण.

पायरी ८: पावसाळा

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ही पार्टची खरी परीक्षा. पाय काळे पडतात, काळ्या पायांवर सोल्डर गोळा होऊन बसतं, पसरत नाही. मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, रिले, स्विच आणि उघडे पीसीबी रबरी कडा असलेल्या, क्लिपच्या झाकणाच्या हवाबंद डब्यात हलवा आणि आत सिलिका जेल ठेवा. आत एक छोटा आर्द्रतामापक टाकला तर अंदाजाने बोलायची वेळ येत नाही; तो ५० टक्क्यांच्या खाली राहिला की पुरे. रेझिस्टर बाहेरच राहू द्या. कपाट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

निळं सिलिका जेल ओलं झालं की गुलाबी होतं, पण त्या निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. नारिंगी जेल घ्या. ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की ते पुन्हा कोरडं होतं. जेवणाचं भांडं आणि ओव्हन यासाठी वापरू नका.

काही गोष्टी पार्टच्या कपाटात येताच कामा नयेत. पहिली म्हणजे पीसीबी खोदायचं फेरिक क्लोराइड. बाटलीचं झाकण घट्ट असलं तरी त्याची आम्लयुक्त वाफ आसपासचं लोखंड गंजवते. पक्कड, पाने, स्क्रू, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या, सगळं. ते प्लास्टिकच्या बाटलीत, घराबाहेर किंवा बाल्कनीत, मुलांच्या हाताबाहेर. दुसरी, रबर बँड. दुधाच्या पिशव्यांचे रबर बँड जमवून पुड्या बांधायची आपली सवय असते, पण रबरात गंधक असतं. चांदीचा मुलामा असलेले पाय त्याने काळे पडतात, आणि उन्हाळ्यात ते रबर वितळून पुडीला चिकटतं ते वेगळंच. तिसरी, डांबराच्या गोळ्या. झुरळांसाठी म्हणून टाकल्या तर कडक पारदर्शक प्लास्टिकचे डबे त्यांच्या वाफेने मऊ आणि चिकट होऊ शकतात.

पाय काळे पडलेच तर पार्ट फेकू नका. बारीक पॉलिश पेपर दोन बोटांत धरून पाय त्यातून ओढा, थोडं रोझिन फ्लक्स लावा, सोल्डर बसतं.

बॅटऱ्या वेगळ्याच

लिथियम सेल पार्टच्या डब्यात नकोत. १८६५० सेल प्रत्येकी प्लास्टिकच्या खोळीत, साधारण ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरून नाही, रिकामा करून नाही. सीआर२०३२ सारखे बटण सेल मूळ पाकिटातच आणि कुलपात. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीर भाजू शकते. घरात लहान मूल असेल तर हा परिच्छेद बाकी सगळ्याच्या आधी अमलात आणा.

टेबलावर काय, कपाटात काय

स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी असतो आणि हळद-तिखटाची मोठी बरणी वरच्या फळीवर. पार्टचंही तेच करा. टेबलावर एकच छोटा डबा: २२०, ३३०, १ के, ४के७, १० के, १०० के चे थोडे थोडे रेझिस्टर, १०४ चा सिरॅमिक, १० आणि १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक, बीसी५४७, १एन४००७, १एन४१४८, लाल एलईडी, एखादा ७८०५. बाकी सगळा साठा कपाटात. टेबलावरचा डबा उलटला तरी नुकसान चमचाभर पार्टचं होतं, आणि त्यातले बहुतेक दुसऱ्या वाट्यातले असल्याने ओळखून परत लावता येतात.

चालू प्रोजेक्टसाठी झाकणाचा एक एक डबा ठेवा: बोर्ड, त्याचे पार्ट, सर्किटचा कागद, सगळं त्यातच. काम अर्धवट राहणार, हे गृहीत धरा. आणि टेबलाच्या कोपऱ्यात 'परत ठेवायचे' अशी एक छोटी वाटी. कामाच्या भरात प्रत्येक पार्ट जागेवर ठेवणं कुणालाच जमत नाही. वाटी भरली की तो दिवस आवरायचा. वाटीत पहिल्या वाट्यातला पार्ट मात्र टाकायचा नाही, तो हातातून थेट त्याच्या पुडीत जातो.

यादी, आणि शेवटचे पाच

एक्सेलमध्ये प्रत्येक रेझिस्टर मोजून लिहिणारे उत्साही असतात. तो तक्ता दोन महिन्यांत खोटा होतो. इन्व्हेनट्री आणि पार्ट-डीबी ही मोफत सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती चार जणांच्या वर्कशॉपला किंवा शाळेच्या लॅबला शोभतात. घरी नगांची संख्या नोंदवू नका, पत्ता नोंदवा: कोणता पार्ट, कोणत्या खोक्यात, कोणत्या दुभाजकामागे. पत्ता क्वचितच बदलतो.

संख्येसाठी दुसरी युक्ती. प्रत्येक पुडीत एक लहान पुडी, तिच्यात शेवटचे पाच नग. बाहेरचे संपून आतली पुडी उघडायची वेळ आली की त्याच क्षणी पार्टचं नाव खरेदीच्या यादीत. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही यादी खिशात असली की निम्मा वेळ वाचतो, आणि 'घरी आहेत बहुतेक' म्हणत तिसऱ्यांदा तेच रेझिस्टर घेणं थांबतं.

दुकानदार कागदाच्या पुडीत पार्ट बांधून देतो आणि पुडीवर लिहितो फक्त किंमत. एसएमडी, झीनर किंवा एलईडी घेत असाल तर गल्ल्यावरच पेन मागून व्हॅल्यू आणि व्होल्टेज लिहून घ्या. मूळ रीळवरचं लेबल दाखवायला सांगा आणि फोनने त्याचा फोटो काढा. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पुड्या झिप पाऊचमध्ये, आत चिठ्ठी, मग खोक्यात. ते जमत नसेल तर पिशवीचं तोंड बांधून वर तारीख टाका आणि ती उघडू नका. बंद पिशवीतले पार्ट आठवडाभरानेही ओळखता येतात.